बिनकुंकवाची टिटवी

उज्जैन,
१२ ऑक्टोबर १९९५

चि. ऋतास अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या बापाचं, तोंड माझं. जयंता बँकेतून रिटायर झाल्यापासून त्याच्या हाताला काम नाही आणि माझ्या तोंडाला आराम नाही, म्हणून ही जोडी जमली. तुझी आई शाळेच्या वह्यांतून डोकं वर काढत नाही. फोन आहे घरात, पण फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणून ठेवून देतेस. कागद शेवटपर्यंत वाचावाच लागतो.

फ्रीगंज सोडून या नव्या कॉलनीत आलो खरे. कॉलनी म्हणजे चार घरं आणि बाकी चुन्याच्या रेघा. राम घाट आता दोन टेंपो लांब पडला. मी म्हटलं, माझ्या कार्तिकस्नानाचं काय? तुझा बाप म्हणतो, आई, गीझर बसवलाय. गीझरने पुण्य लागत असतं तर बिजलीवाले कधीच स्वर्गात गेले असते. म्हणून कोजागिरीपासून मी पहाटे हरणखेडीच्या तळ्यावर जाते. दहा मिनिटांची वाट, पाणी थंडगार, आणि दक्षिणा मागायला कोणी नाही.

गणपतीत आलीस तेव्हा सांगून गेलीस ना, आजी, परदेशी पाहुणे पक्षी यायला लागले की कळव, आमच्या पुण्याच्या समितीला यादी करायची असते? तर घे. बदकं आली, मोजता येत नाहीत इतकी. चक्रवाकाची दोन जोडपी आली, भांडत आली. शेपटी हलवणारे धोबी आले. आणि मंगळवारपासून पलीकडच्या काठाला, जिथे पाणी ओसरून खुरटं गवत उरलंय, तिथे पाच टिटव्या आहेत. आपल्या नेहमीच्या नव्हेत. बाकी सगळं टिटवीचंच. डोकं काळं, अंग मातकट, पाय उंच, चार पावलं पळायचं आणि थबकायचं. पण ही टिटवी निराळी.

जयंता इथे थांबला. मी म्हटलं, लिहिलंस का? म्हणाला, लिहिलं. मग हात का हलत नाही? म्हणाला, पेन अडलं. बघ. बँकेने पस्तीस वर्षं या पेनावर भरवसा ठेवला.

यादीत पाहणाऱ्याचं नाव घालतात म्हणालीस. माझं घाल. शहात्तर वर्षांत माझं नाव छापलं गेलं ते मतदारयादीत, तिथेही वय बावीस आणि पुढे 'पुरुष'. या टिटव्या मी पाहिल्या, तेव्हा नाव माझं लागलं पाहिजे. अहल्याबाई चिटणीस. नीट लिही.

तुझी,
आजी

*

पुणे,
१९ ऑक्टोबर १९९५

ती. आजीस सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने हसले. चक्रवाक, धोबी, बदकं, सगळं यादीत घातलं.

टिटवीचं मात्र जमलं नाही गं. तू निराळी म्हणालीस म्हणून मी तुझं वर्णन समितीपुढे ठेवलं. आमचे चिटणीस शरच्चंद्र गुर्जर सर कडक आहेत. त्यांनी शेरा मारला, "साधी टिटवी. बारमाही. नोंद घेण्याजोगे काही नाही." आणि आजी, ते बरोबरच आहे. काळं डोकं, मातकट अंग, उंच पाय, ही आपली रोजचीच. डोळ्यापुढे लाल पट्टी असेल बघ, कुंकवाची चिरी ओढल्यासारखी. ती असली की साधी टिटवी.

आणि खरोखर दुर्मीळ पक्षी असला तरी नियम मोठा जाचक आहे. पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हातची, त्याच दिवशी केलेली नोंद हवी. तुला उगीच त्रास. तू आपली मजेत पाहा. नाव कधीतरी दुसऱ्या कशात तरी घालू.

दिवाळीला येता येत नाही, रागावू नकोस.

तुझी,
ऋता

*

उज्जैन,
२६ ऑक्टोबर १९९५

चि. ऋतास आशीर्वाद.

अक्षर बदललेलं दिसेल. हे शैलाचं. शेजारी राहते, फ्रीगंजात टायपिंगच्या क्लासात शिकवते. तुझा बाप भाऊबिजेला देवासला गेलाय, म्हणून तुझं पत्र शैलाने वाचून दाखवलं. बरं झालं. बापाने वाचलं असतं तर त्याला नेमका तिथेच ठसका लागला असता.

शैला वाचत वाचत "कुंकवाची चिरी ओढल्यासारखी" इथे आली आणि मी म्हटलं, थांब. परत वाच. मग म्हटलं, माझं मागचं पत्र काय गेलं असेल ते कळलं मला.

अगं, मी पहिल्या दिवशी सांगितलं ते हेच! बिनकुंकवाची टिटवी. हाच शब्द, असाच. बाकी सगळं टिटवीचं, पण कुंकू नाही. तुझ्या बापाचं पेन अडलं ते इथे. त्याने "निराळी" लिहून वेळ मारून नेली. चिटणिसांचं घर हे! सात पिढ्या शिंद्यांच्या दफ्तरात दुसऱ्यांची पत्रं लिहिली. चिटणिसाचं काम काय? ऐकलं ते उतरवणं. मालक शिवी सांगो की श्लोक, चिटणिसाने मधे आपलं डोकं घालायचं नाही. आणि या घराण्याने मला सून म्हणून आणताना कोणी विचारलं नाही की बाई, तुला तरी वाचता येतं का, तुझ्या नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या चोऱ्या पकडायला?

आता शैला लिहील ते नीट वाच. कपाळावर, डोळ्यापुढे, कुठेही लाल नाही. डोक्याला काळी टोपी. टोपीखालून पांढरी भुवई निघते, ती मागे मागे जाऊन मानेवर दुसरीला भेटते, चुलीजवळचा चिमटा असतो ना, तशी. पाय काळे. आपलीचे हळद लावल्यासारखे पिवळे असतात. पोटावर मोठा काळा डाग, पोळी करपावी तसा, आणि डागाची मागची कड तांबूस. आपली टिटवी माणूस दिसलं की अख्खा गाव उठवते. ही बघते आणि गप्प चालायला लागते. माहेरी आलेली पोर आहे की सासरहून निघालेली, काही सांगत नाही.

मंगळवारी ग्रहण होतं. ते सुटेपर्यंत घराबाहेर पडले नाही, तेवढा धर्म आहे माझ्यात. सुटल्यावर स्नानाला तळ्यावर गेले तर पाचही जणी होत्या.

तुझ्या गुर्जरांना सांग, मागच्या महिन्यात गणपती दूध प्यायला ते अख्ख्या देशाने मान्य केलं. कोणी हस्ताक्षर मागितलं नाही. माझ्या पाच टिटव्यांना एवढा नियम? माझ्या हातची नोंद म्हणशील तर मी रोज वाती वळते, दिसेल त्या प्रत्येकीची एक, आणि त्या दिवसाची पुडी बांधून ठेवते. पण त्याला कोण नोंद म्हणणार.

मजेत पाहा म्हणतेस. मी मजेत पाहत नाही. मी पाहते. या टिटव्या माझ्या नावावर लागल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. "दुसऱ्या कशात तरी" मला नको.

तुझी,
आजी

(ऋताताई, आजींनी प्रत्येक वाक्य माझ्याकडून दोनदा वाचवून घेतलं. क्लासमध्ये माझी इतकी परीक्षा कोणी घेतली नाही. शैला.)

*

उज्जैन,
२९ ऑक्टोबर १९९५

चि. ऋता,

हे पत्र तुझ्यापुरतं. आईला यातलं बोलू नकोस.

तो शब्द मी गाळला. आई म्हणाली, "लिही, बिनकुंकवाची टिटवी," आणि माझा हात चालेना.

नाना गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. दाराआड उभा होतो. आत्याने ओल्या फडक्याने आईचं कपाळ पुसलं, जोरात, दोनदा. आई रडत नव्हती. तिने फडकं आत्याच्या हातातून काढून घेतलं, स्वतः पुसलं आणि म्हणाली, "पोरं सकाळपासून उपाशी आहेत, त्यांचं बघा." त्यानंतर तो शब्द मी या घरात उच्चारलेला नाही. तुझ्या आईने डबी मागितली तरी मी "ती डबी" म्हणतो. तिच्या कधी लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

आणि आई तो शब्द एका पक्ष्यासाठी, हसत, सहज सांगून मोकळी झाली. मला वाटलं, पुण्यात चार शिकलेली माणसं वाचतील, तिच्याकडे बघतील, हसतील. म्हणून "निराळी" लिहिलं. तिच्या नोंदीचं वाटोळं होईल हे डोक्यात आलं नाही.

ती माझ्याशी बोलते, नेहमीपेक्षा जास्तच बोलते. पण पत्र सांगत नाही. पेन शैलाला दिलंय.

जयंत

*

पुणे,
३ नोव्हेंबर १९९५

ती. आजीस सा. नमस्कार.

आजी, कान पकडले. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना पक्ष्यांचं पुस्तक काढून बसले. मला वाटतं ही कोण आहे ते मला कळलंय. आपल्या देशाची नाही. फार लांबच्या गवताळ मुलखातून येते, आणि जगातच थोडी उरलीय. पण तिचं नाव, तिच्या खुणा, काहीही तुला सांगणार नाही. नाहीतर म्हणतील, नातीने पढवलं.

म्हणतील कशाला, म्हणालेच. गुर्जर सरांनी तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. म्हणाले, "पहिल्या पत्रात साधी टिटवी. मग तुम्ही लाल पट्टीचं कळवता. मग दुसऱ्या पत्रात लाल पट्टी नाहीशी, वर चार नव्या खुणा. आजींना नातीला खूश करायचं असेल, त्यात वाईट काही नाही. पण ही नोंद होत नाही." मी सांगितलं की पहिल्या पत्रातला शब्द गळला होता. त्यांनी विचारलं, कोणी गाळला, का गाळला? मी सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नव्हे.

आणि खरं सांगू? मलाही एक क्षण वाटलं होतं की तू मला खूश करतेयस. म्हणून कान पकडले.

एवढं झालं की मी हट्टच धरला. सर १२ तारखेला, रविवारी, इंदूरला त्यांच्या बहिणीकडे येताहेत. तिथून उज्जैनला येतील, स्वतः पाहतील. पाहिल्याशिवाय सही करणार नाहीत. त्या तोवर थांबल्या पाहिजेत, आजी.

तुझी,
ऋता

*

उज्जैन,
८ नोव्हेंबर १९९५

चि. ऋतास आशीर्वाद.

अक्षर शैलाचंच. पाहुण्यांना थांब म्हणणारी मी कोण? तरी जमेल ते करते आहे. कार्तिकी पौर्णिमा काल झाली, स्नान संपलं. तुझ्या बापाला वाटलं, आता म्हातारी पहाटे झोपेल. आज पहाटे मला कडी काढताना पाहून म्हणाला, आई, व्रत संपलं ना? मी म्हटलं, देवाचं संपलं, माझं रविवारपर्यंत आहे.

पाचाच्या तीन राहिल्यात. दोघी परवा उडाल्या त्या परतल्या नाहीत. आणि एक गोष्ट सांगते, मागच्या वेळी सांगितली नव्हती कारण तेव्हा माझाच विश्वास नव्हता. पोटावरचा डाग फिका होत चाललाय. आल्या तेव्हा काळाकुट्ट, दिवाळीत धुरकट, आता चारदा धुतलेल्या शाईच्या डागासारखा. म्हणून सांग तुझ्या साहेबांना, लवकर या. उशीर केला तर म्हणतील, कुठाय डाग?

त्या काठाला गोवर्धन म्हशी घेऊन येतो. मी त्याला म्हटलं, भैया, इतवार तक भैंसें इस पार रखना. तो म्हणतो, "माँजी, टिटोड़ी के लिए भैंस रोकूँ?" मी म्हटलं, तेरी भैंस रोज आती है, ये जिंदगी में एक बार आई है. डोकं खाजवत गेला, पण म्हशी वळवल्या.

आता दुसरं. शैला, हे जपून लिही. तुझ्या बापाने तुला चोरून पत्र लिहिलंय. टपालात टाकायला निघाला तेव्हा एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्यात तुझ्या आईची, प्रतिभाची. काय लिहिलं ते मला सांगू नकोस, मला ठाऊक आहे. अकरा वर्षांचा होता, दाराआड उभा होता. त्याला वाटतं, मी पाहिलं नाही. मी त्या दिवशी दुसरं काहीच पाहिलं नाही गं.

तर त्याला कळू दे म्हणून या कागदात सांगते, आणि तो घरी आल्यावर शैला हे त्याला मोठ्याने वाचून दाखवील. माझं कुंकू गेलं, तरी मी तीच राहिले. तीच अहल्या, तीच जीभ. टिटवीला कुंकू नसलं, तर पक्षीच दुसरा. माझ्यापेक्षा तिला त्या शब्दाची गरज जास्त होती. तो तिचा शब्द होता, जयंता, माझा नव्हता.

तुझी,
आजी

(वाचून दाखवलं. काका उठून अंगणात गेले आणि तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं. शैला.)

*

उज्जैन,
१३ नोव्हेंबर १९९५

चि. ऋतास आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? पेन परत दिलंय. का ते कळेल.

शनिवारी सकाळी गेले तर काठ रिकामा. तिन्ही गेल्या. अगं, एक दिवस! मी तशीच पाण्याच्या कडेला दुपारपर्यंत बसले. गोवर्धन आला, म्हणाला, माँजी, अब भैंस लाऊँ? मी म्हटलं, नहीं, इतवार तक की बात हुई थी. रडले नाही. चिडले. टिटव्यांवर नव्हे, त्या इंदूरच्या बहिणीवर. तिला भाऊ शनिवारी नाही का बोलावता आला?

रविवारी तुझे गुर्जर आले. देवास गेटच्या बसस्टँडहून टेंपोने, गळ्यात दुर्बीण, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. प्रतिभाने पोहे-जिलबी पुढे केली तर म्हणतात, आधी तळं. तळ्यावर दोन तास फिरले. आपल्या साध्या टिटव्या मात्र हजर, त्यांच्या डोक्यावर ओरडून ओरडून फिरत होत्या. परत आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "आजी, मी न पाहिलेल्या पक्ष्यावर सही कशी करू?" मी म्हटलं, "नका करू. तुम्ही पाहिलेलाच नाही. पाहिला मी, सही माझी."

मग पहिलं पत्र काढलं. "यात कुंकवाचा शब्द नाही. तो तुम्हाला नंतर सुचला." मी तोंड उघडणार तोच तुझा बाप उभा राहिला. म्हणाला, "शब्द मी गाळला. आईने सांगितला होता, बिनकुंकवाची टिटवी." असा म्हणाला, ऋता. पूर्ण शब्द, माझ्याकडे बघत. "मला लिहवला नाही. आई विधवा आहे आणि मी तिचा मुलगा आहे. तुम्हाला लेखी हवं तर लेखी देतो." गुर्जर जरा वेळ जिलबीकडे बघत राहिले. मग म्हणाले, मी तुमचं मानतो, पण समिती म्हणेल की मुलगा आईची बाजू घेतो.

तेव्हा मी पुड्यांचा डबा आणला. कोणी मानणार नाही म्हणून काढतच नव्हते. पण आता लाजायला उरलं काय?

भिंतीवरचं ते रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे ना? त्या दिवसाचं पान मी फाडते आणि त्यातच त्या दिवसाची पुडी बांधते. मला आकडा कळत नाही, पण पानाला तर कळतो! गुर्जरांनी पहिली सोडली. १० ऑक्टोबर. आत नऊ वाती. चार लाल, कुंकवात टोक बुडवलेल्या. त्या आपल्या टिटव्या, त्या एकाच दिवशी मोजल्या, पुढे नुसत्या पाहुण्या. आणि पाच कोऱ्या. मला विचारतात, "आजी, या कोऱ्या का?" मी म्हटलं, "सांगितलं ना मघापासून. बिनकुंकवाच्या." त्यांनी पुन्हा पानावरची तारीख पाहिली. तुझं लाल पट्टीचं पत्र एकोणीस तारखेचं. मग दुर्बीण काढून ठेवली आणि मांडी घालून खाली बसले.

तेराव्या तारखेपासूनच्या वातींना काजळ आहे, कारण त्या दिवशी मी जवळ जाऊन डाग पाहिला. डाग जेवढा काळा तेवढं काजळ. पुड्या ओळीने मांडल्या. आधी अर्धी वात काळी, मग बोटभर, मग नखाएवढी, मग नुसता धूर लागल्यासारखी. शेवटच्या पुडीत तीन वाती, जवळजवळ पांढऱ्या. आणि अकरा तारखेच्या पानात काहीच नाही. तेही बांधून ठेवलं होतं. रिकामं.

गुर्जरांनी मग पुस्तक काढलं, चित्रांचं, आणि नावं तळहाताने झाकून माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "हात काढा हो, दुखेल. मला नावं उघडी काय, झाकली काय!" तेव्हा पहिल्यांदा हसला तो माणूस. मी पानं उलटली. सापडली. म्हटलं, "ही आल्या दिवशीची आणि ही गेल्या दिवशीची. एकाच बाईची दोन चित्रं कशाला काढलीत? एकीचं पोट काळं, एकीचं धुतलेलं, पण बाई एकच." त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "पुस्तकातून उतरवलेली वर्णनं आमच्याकडे पोत्याने येतात, आजी. तुम्हाला उतरवताच येणार नाही." मला निरक्षर असल्याबद्दल शाबासकी मिळालेली ही पहिलीच वेळ.

मग जिलबी खाल्ली. सहा.

पुड्या घेऊन गेलेत. दोन पुड्या मागे ठेवल्या मी, पहिली आणि रिकामी.

तुझी,
आजी

(सगळं सांगितलं तसं लिहिलं. जयंत.)

*

पुणे,
२८ डिसेंबर १९९५

श्रीमती अहल्याबाई चिटणीस यांस सादर नमस्कार.

समितीच्या कालच्या बैठकीत आपली नोंद एकमताने स्वीकारण्यात आली. एका सदस्याने हस्ताक्षराच्या नियमाचा प्रश्न काढला. मी नियम वाचून दाखवला. नियमात "पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हातची, त्याच दिवशी केलेली नोंद" असे आहे. ती अक्षरांत असावी, असे कोठेही म्हटलेले नाही. वातींच्या पुड्या बैठकीत हातोहात फिरल्या. एक वात कमी भरते आहे. शोध चालू आहे. क्षमस्व.

पाच पक्षी, हरणखेडी तलाव, १० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, निरीक्षक म्हणून आपले नाव, असे वार्षिक यादीत छापले जाईल.

एक विनंती. या पक्ष्यासाठी आमच्या यादीत मराठी नाव नाही. आपल्या वर्णनावरून ते ठेवावे असे ठरले. परंतु आपला शब्द छापील यादीत जरा घरगुती वाटतो, असे काहींचे मत पडले. "विधवा टिटवी" असे भारदस्त रूप सुचवण्यात आले आहे. आपली संमती कळवावी.

आपला,
शरच्चंद्र गुर्जर

*

उज्जैन,
४ जानेवारी १९९६

श्री. शरच्चंद्र गुर्जर यांस आशीर्वाद.

वात शोधू नका. सहा जिलब्यांबरोबर गेली असेल.

नाव छापताय, समाधान वाटलं. वय घालू नका, मतदारयादीत मी बावीसची आहे, तीच राहू दे.

संमती नाही. विधवा म्हणजे जिचं होतं आणि गेलं. ते मला लावा, मी नाही म्हणत नाही. या टिटवीचं काय गेलंय? तिला कुंकू कधी नव्हतंच. ती तशीच जन्मली, तशीच एवढा मुलूख ओलांडून आली, पोटावरचा डाग आमच्या तळ्यावर धुतला आणि गेली. तिच्यावर कोणाचं सुतक घालू नका. बिनकुंकवाची. नसणं वेगळं आणि जाणं वेगळं, हे मला जितकं कळतं तितकं तुमच्या समितीत कोणाला कळत असेल तर त्याने समोर येऊन सांगावं. पोहे करू.

शब्द घरगुती आहे म्हणता. पाहिलं कोणी? घरातल्याच बाईने ना?

छापायचं तर हेच छापा. नाहीतर मराठी नावाची जागा रिकामी ठेवा. रिकामी पुडीही मी बांधून ठेवते, मला चालतं.

अहल्याबाई चिटणीस
(डाव्या हाताचा अंगठा)

(कुंकवाचा शब्द दोन वेळा आला आहे. दोन्ही वेळा वाचून दाखवला. जयंत चिटणीस.)

*

कार्ड

उज्जैन,
१ नोव्हेंबर १९९६

चि. ऋतास आशीर्वाद.

कार्डावर जागा थोडी, तेव्हा थोडक्यात. तू पाठवलेली यादी शैलाने वाचून दाखवली. नाव बरोबर आहे, दोघींचंही.

आज सकाळी हरणखेडीच्या तळ्यावर बिनकुंकवाच्या टिटव्या आल्या. सात. पोटं काळी आहेत. गोवर्धनने न सांगता म्हशी वळवल्या.

जयंता माझ्याबरोबर आला होता. पुडी त्याने बांधली.

पेन अडलं नाही.

आजी